आपली मजेसाठी खेळते हो

ऑगस्टमधली सकाळ, साडेसात वाजलेत, शाळा सुरू व्हायला अजून दहा दिवस आहेत आणि शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही. कारण मुलींच्या टेनिसचे ट्रायआउट्स, म्हणजे शाळेच्या टीमची निवड. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलींचं टेनिस फॉलमध्ये आणि मुलांचं स्प्रिंगमध्ये असतं, त्यामुळे मुलग्यांच्या आया सध्या घरी निवांत झोपलेल्या असणार. कोचने ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पालकांनी कोर्टाजवळ थांबू नये, म्हणून आम्ही सगळे आपापल्या गाडीत बसून, गाडीचं तोंड कोर्टाकडे करून, मोबाईल बघतोय असं दाखवत होतो.

शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली केली. "कधीपासून खेळते तुमची?"

"छे हो, आपली मजेसाठी खेळते." अर्थात हे इंग्रजीत, पण 'हो' मराठीतलाच.

"आमची पण," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर आमची "मजेसाठी" तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, त्यातला एक प्रायव्हेट लेसन तासाला शंभर डॉलरचा. पण हे बे एरियात कोणी कोणाला सांगत नाही. दहावीच्या वेळी आपल्याकडे "क्लास नाही हो लावला, घरीच करतो" म्हणायचे ना, तेच आहे हे, फक्त रॅकेट घेऊन.

आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होत होता की हे असं असतं हे मला माहीतच नव्हतं. मिरजेला आमच्या शाळेत खो-खोची टीम निवडायची म्हणजे पीटीचे सर प्रार्थना संपल्यावर रांगेतून चालत जायचे आणि म्हणायचे तू, तू, आणि ती दोन वेण्यावाली. बारा झाल्या की संपलं. नऊ मैदानात, तीन बाहेर. मी बाहेरच्या तिघींतली. मी टीममध्ये आहे हे माझ्या आईला कळलं ते गुडघा फोडून घरी आले तेव्हा, आणि तेव्हाही ती फ्रॉकबद्दलच बोलली.

नवरा डोंबिवलीचा, त्याचा टेनिसशी संबंध टेनिस बॉल क्रिकेटपुरता. पण १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिएंडर पेसने टेनिसचं ब्राँझ आणलं ते त्याने टीव्हीवर पाहिलंय आणि तेवढ्या भांडवलावर तो आमच्या लेकीला फोरहँड शिकवतो. तिचा फोरहँड त्यामुळे मधूनच कव्हर ड्राइव्हसारखा जातो. पेस पेस फार केलं की मी त्याला सांगते की त्याच्या आधीचं आपलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल १९५२ चं, आमच्या कराडकडच्या खाशाबा जाधवांचं, आणि त्यांना कोणी प्रायव्हेट लेसन लावले नव्हते. यावर तो गप्प बसतो आणि लेक म्हणते, तुम्ही दोघं गाडीतून उतरू नका प्लीज.

आता हिशोब बघा. आमच्या भागात शाळेची मॅच म्हणजे चार सिंगल्स, तीन डबल्स. म्हणजे दहा मुली, सात पॉइंट, चार जिंकले की शाळा जिंकली. कोच व्हर्सिटीला, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमला, चौदा ठेवणार, जेव्हीला, म्हणजे ज्युनियर व्हर्सिटी, आपल्या भाषेत ब तुकडी, तिथे साधारण तेवढ्याच. व्हर्सिटीतल्या गेल्या वर्षीच्या फक्त तिघी बारावी करून गेल्या. म्हणजे तिथे जागा तीन आणि कोर्टावर नववी ते बारावी मिळून साठेक मुली. बरं या तीन जागांवर बसायला नववीतल्याच अशा काही येतात की ज्यांनी सहाव्या वर्षापासून दुसरं काही केलेलं नाही, दात पडला तोसुद्धा टूर्नामेंटमध्ये. कूपरटिनो, फ्रीमाँट, सॅन होजे, कुठेही जा, हीच कथा. आमच्यासारख्यांना आशा एकच, बरेच कोच बारावीच्या मुलींना जेव्हीत ठेवत नाहीत, म्हणून खालच्या वर्गांना थोडी जागा होते. दुसऱ्याच्या लेकीचं शेवटचं वर्ष वाया जातंय यात आनंद मानायचा म्हणजे, पण मानला.

आणि खोटं बोलण्यात आता तसा अर्थही राहिलेला नाही, कारण यूटीआर. टेनिस खेळणाऱ्या कोणाचंही रेटिंग, एकपासून साडेसोळापर्यंत. नाव टाकलं की आकडा समोर. स्थळ आलं की पत्रिका बघावी तशी मी आदल्या रात्री साडेअकरा वाजता शाळेतल्या माहितीच्या एकेका मुलीचं नाव टाकत बसले होते. आमची तीन पॉइंट काहीतरी. "अगं ती फक्त वीकेंडला खेळते" असं जिच्या आईने मला गणपतीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं ती सात. सात! म्हणजे तो वीकेंड सोमवारी सुरू होत असणार. एवढ्यात नवरा ओरडला की डॉक्टरांचा फिजिकलचा फॉर्म अपलोडच झालेला नाही, आणि त्याशिवाय कोर्टावर पाय ठेवू देत नाहीत. मग त्याची स्कॅनिंगची धावपळ, पान उलटं, सही कापली गेलेली, शेवटी बारा वाजायला दहा मिनिटं असताना गेला एकदाचा.

ट्रायआउट तीन दिवस. पहिले दोन दिवस मला फक्त कोचचा क्लिपबोर्ड दिसत होता. तो कधी लिहायचा, कधी नाही, आणि आमची शॉट मारताना तो नेमका पाणी प्यायचा. शिवाय मंडळाच्या ढोल पथकाची प्रॅक्टिस त्याच आठवड्यात, त्यामुळे तिचं मनगट दुखत होतं, आणि सर्व्हिस करताना ती टिपरू मारल्यासारखी मारतेय असं मला सारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी चॅलेंज मॅच. नो-अॅड, म्हणजे चाळीस-चाळीस झालं की एकच पॉइंट, जो जिंकेल त्याचा गेम. हायस्कूलच्या टेनिसमध्ये लाइनवर अंपायर नसतो, आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे ज्याचं त्याने सांगायचं. आता हे ज्याने ठरवलं तो आमच्या गल्लीत कधी क्रिकेट खेळला नसणार. झालं चाळीस-चाळीस. समोरच्या मुलीचा बॉल आमच्या बेसलाइनपाशी पडला. मी पार्किंगमध्ये, साठेक यार्ड लांब, समोरून ऊन, काचेवर धूळ, तरी मला स्पष्ट दिसलं, आउट. आणि आमच्या बाईसाहेबांनी तळहात जमिनीला समांतर धरला. इन! गेम गेला. मी "अगं!" म्हणून हॉर्नवरच हात आपटला. कोर्टावरच्या साठ मुली आणि कोच, सगळ्यांनी एकदम पार्किंगकडे बघितलं. नवरा सीट मागे पाडून आडवा झाला. शेजारच्या बाई मात्र काच खाली करून म्हणाल्या, "आउट होता."

संध्याकाळी पाचला ईमेल. आमची जेव्ही, तिसऱ्या डबल्सच्या जोडीत, म्हणजे शेवटच्या. शेजारच्या बाईंची व्हर्सिटी, सिंगल्स नंबर दोन. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, आपली मजेसाठी खेळत होती.

मी शिरा केला. नवऱ्याने डोंबिवलीला फोन केला, तिकडे आईंना वाटलं अमेरिकेच्या टीममध्ये निवड झाली, त्याने काही दुरुस्त केलं नाही. लेक शिरा खाता खाता शांतपणे म्हणाली, "बरं झालं, आता पीई नाही घ्यावं लागणार." आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळेच्या टीममध्ये असलं की पीईच्या, म्हणजे आपल्या पीटीच्या, तासाला सूट मिळते, आणि पीईमध्ये एक मैल घड्याळ लावून पळावं लागतं, आणि तिला पळायचा प्रचंड कंटाळा आहे, म्हणून टेनिस. तीन वर्षं. मी मनातल्या मनात शंभर गुणिले करायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

सोमवारी पहिली प्रॅक्टिस. मी आणायला गेले तर लालबुंद, केस चिकटलेले, चालताना पाय ओढतेय. रॅकेटला हातसुद्धा लावू दिला नाही म्हणे कोचने पहिला अर्धा तास. ट्रॅकवर चार फेऱ्या.

"चार फेऱ्या म्हणजे किती माहितीये आई?"

"किती?"

"एक मैल," म्हणाली आणि रॅकेट मागच्या सीटवर फेकली. नवी ग्रिप होती, सात डॉलरची.