सोमवारचा शिवराक पास्ता

पणजीत सोमवारी दुपारी पाहुणे टपकले आणि घरात शिवराक (मासळी, मांस, अंडं वर्ज्य) असेल, तर डाळभात-खतखतं वाढून त्यांचा अपमान करू नका. मागच्या गल्लीत पाच टेबलांचं ताज्या पास्त्याचं हॉटेल उघडलंय, तिथे न्या. आईला आणि सासूबाईंनाही घ्या, म्हणजे साक्षीदार होतील.

शिरताच विचारा, "आज ताजं काय?" मासळी बाजारात विचारता त्याच ठसक्यात. इथे कल्ला उघडून बघायची सोय नाही, म्हणून नुसतीच मान डोलवा.

पीठ कसं मळतात हे मात्र विचारू नका. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं हा तिकडचा रिवाज. पण दिसत नाही ते अंडं लागत नाही, असं आपल्या शास्त्रात कुठेतरी असणारच. वर किसलेलं अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, ही माहिती सासूबाईंना बिल येईपर्यंत देऊ नका. त्या तोवर "चीज बरं आहे हो" म्हणून आणखी मागतील. मागू द्या.

ताटली आली की विद्वत्ता काढा. शिजलेली टाल्यातेल्ले (फितीसारखा पास्ता) आठ मिलिमीटर रुंद हवी, हे इटलीतल्या बोलोन्यात 1972 साली वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवलंय. खिशात पट्टी असू द्या. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, पण बिल बघून हा हिशेब मोठ्याने मांडू नका. (मी मांडला होता. त्या गल्लीतून आता जात नाही.)

खरा धोका आईचा. ती एक घास घेईल आणि म्हणेल, "ह्यो तर शिरवळ्यो! रस खंय?" लगेच दटावा. कुठे इटली आणि कुठे आपली तांदळाची उकड, शेवग्यातून (शेवया पाडायच्या साच्यातून) दाबताना दोघांचा घाम काढणारी, नारळाच्या गुळचट रसात बुडवलेली! त्या तर घरात फुकट मिळतात. शिवाय तुम्ही शेवग्याला जन्मात हात लावलेला नाही, तेव्हा तुलना करण्याचा अधिकार तुमचाच.

एवढ्यात ती उठून आत जाईल. यंत्राची मूठ फिरवणाऱ्या पोराला "पीठ सैल झालंय, बाबू" म्हणेल, आणि तो चक्क बाजूला सरकून तिला जागा देईल. तुम्ही मागोमाग जाऊ नका. टाल्यातेल्ले गार होतील.