हसण्याला वेगळा गट कशाला?

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आमचा ठाण्यात एक गट आहे. काही पालकांनी मिळून केलेला, कुठल्या संस्थेचा नाही. महिन्यातून एकदा नौपाड्यात कुणाच्या तरी घरी भेटायचं, बाकीचे दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं. माझा धाकटा भाऊ त्यात शुभार्थी म्हणून आहे, आई शुभंकर म्हणून आणि मी इंग्लंडमधल्या लीड्सहून. (शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, शुभंकर म्हणजे त्याला सांभाळणारं माणूस. या वर्तुळात हे शब्द आता रुळलेत.) दर शुक्रवारी रात्री आठ वाजता एक काकू गटावर हलकाफुलका प्रश्न टाकतात. मामलेदारची मिसळ मीडियम की तिखट? पावसात येऊर बरं की उपवन? शाळा बुडवायला घरी काय कारण सांगायचात? कधी गाण्याच्या भेंड्या. तासाभरात आटपतं.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी भलामोठा मेसेज लिहिला. सार असं, की इथे कुणाच्या घरी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, कुणाचा मुलगा गोळ्या जिभेखाली धरून नंतर थुंकतोय, आणि आपण मिसळीवर मतं गोळा करतोय. आजाराचा पोरखेळ चालवलाय. खाली सहमतीच्या अंगठ्यांची रांग लागली. मग सूचना आली की गट दोन करा, एक गंभीर आणि एक गमतीचा. पुढच्या बैठकीत निर्णय घेणार आहेत. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. ऑफिसात काम करताना मी मनातल्या मनात त्या गृहस्थांना उत्तरं देत असते.

त्यांचा त्रागा मला कळतो. आमच्याच घरात अशा रात्री झाल्यात. पण ते अंगठे कुणाचे होते ते मी वर जाऊन एकेक करून पाहिलं. सगळे शुभंकरांचे. एकाही शुभार्थीने हा खेळ बंद करा असं म्हटलेलं नाही. खेळ ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारण्याचं कुणाला सुचलंही नाही.

आता माझ्या भावाबद्दल सांगते. त्याला भास होणं औषधांनी बरंच आटोक्यात आलं. राहिलं ते दुसरंच. उठावंसं न वाटणं, बोलायला शब्दच न येणं, चेहऱ्यावर काही न उमटणं. डॉक्टर याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात, आणि आजची औषधं या लक्षणांवर फार कमी काम करतात. नातेवाईक याला आळस म्हणतात. अशा माणसाला ‘तुला काय वाटतंय, मोकळेपणाने सांग’ असं म्हणणं म्हणजे पाय प्लास्टरमध्ये असलेल्याला जिना चढून ये सांगणं. तो आमच्या गटावर दीड वर्ष गप्प होता. वाचायचा सगळं, निळ्या खुणा दिसायच्या. मग एका शुक्रवारी मिसळीच्या प्रश्नाखाली त्याच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसलं. गेलं. परत दिसलं. परत गेलं. मी ऑफिसच्या जिन्यात फोन हातात धरून उभी होते. बऱ्याच वेळाने एक शब्द आला: ‘तिखट.’ लगेच आईचा फोन, ‘अगं, त्याने उत्तर दिलं, बघितलंस का?’ त्याच्या खाली कळव्याच्या एका मुलाने लिहिलं, ‘दादा, तिखट खाऊन दाखवा, बिल माझं.’ भावाने त्यावर हसणारा चेहरा टाकला. आज तो भेंड्यांमध्ये अक्षर अडलं की स्वतःहून गाणं देतो. आणि मागच्या महिन्यात ‘नवीन गोळीने मला बसल्या जागी झोप येते, अजून कोणाला होतं का’ हेही त्याने त्याच गटावर विचारलं. गंभीर गटावर तो कधीच आला नसता. ‘तिखट’ लिहून तो आधी दारात आला, मग आत.

आणि हे एकट्या त्याच्यापुरतं नाही. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००६ साली ऑनलाइन समूहांबद्दल मांडलेलं एक ढोबळ गणित प्रसिद्ध आहे: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून काही लिहितात, आणि बहुतेक लिखाण उरलेल्या एकाचं असतं. आमच्या गटातही तसंच. लांब मेसेज लिहिणारे तेच तेच पाचसहा जण, सगळे शिकलेसवरलेले, बोलते शुभंकर. त्यांना मिसळीची गरज नाही, कारण त्यांना बोलता येतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोक कधी हसतात ते मॉलमध्ये, कॉलेजात, रस्त्यावर कान देऊन टिपलं. त्याला आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक वेळा विनोद असा झालेलाच नसतो. ‘बरं, निघते मी’ एवढ्या वाक्यावरही लोक हसतात. म्हणजे काकूंचा प्रश्न विनोदी आहे की नाही याला महत्त्वच नाही. चार माणसं एकाच वेळी एका क्षुल्लक गोष्टीवर काहीतरी म्हणतायत, आणि त्यात आपणही आहोत, एवढं पुरतं.

मला जास्त लागतं ते हे ठाण्यात घडतंय म्हणून. आमच्या गावाला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि तेवढ्यावर आख्ख्या मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. ‘याला ठाण्याला पाठवा.’ दादरच्या कॉलेजात मी ठाण्याची आहे म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘आतली की बाहेरची?’ मीही हसायचे. भाऊ आजारी पडल्यावर हसू येईनासं झालं. आजाऱ्यावर लोक हसतात त्याची चीड त्या गृहस्थांना असेल तर ती मलाही आहे. पण शुभार्थींनी आपसात हसणं ही वेगळी गोष्ट आहे. आतापर्यंत बाकी सगळे त्यांच्यावर हसले, आता ते स्वतः हसतायत तर आपण त्यांना गप्प बसायला सांगणार? १९९० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ज्या गावात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, जिथे मनाच्या आजारावर सभागृहं भरून लोक ऐकायला येतात, त्या गावात हे? आणि हास्यक्लबची कल्पना तर मुंबईचीच, डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली बागेत सुरू केलेली. आजी-आजोबा पहाटे हात वर करून खो खो हसतात तो व्यायाम. शुभार्थी हसला तर तो पोरखेळ.

इथे लीड्समध्ये मी गुरुवारी संध्याकाळी एका चर्च हॉलमधल्या अशाच एका गटात चहाचं बघते. कौन्सिलचा पिवळा जॅकेट घातलेला एक माणूस तिथे येतो, कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. सुरुवातीला सगळ्यांना एक प्रश्न असतो, या आठवड्यात काय चांगलं खाल्लंस, असा. तो माणूस कित्येक आठवडे ‘पास’ म्हणायचा, बिस्किट उचलायचा, बसायचा. कुणी त्याला ढोसलं नाही. एकदा म्हणाला, ‘चिप बटी’, म्हणजे पावात घातलेले बटाट्याचे चिप्स. आणि मग म्हणाला की तो महिना बायकोच्या मरणाचा आहे. दोन्ही एका दमात. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणारी मंडळी तर एकमेकांना भेटल्या भेटल्या विचारतात, ‘ग्रीन आला का?’ या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्त तपासत राहतात. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त द्यायचं, रिपोर्ट ग्रीन आला तर गोळ्या मिळणार. यावर त्यांचे जे विनोद चालतात ते मी इथे लिहू शकत नाही. ते ऐकून गटप्रमुख आजाराचा अपमान झाला म्हणत नाही. गट कुणाचा आहे हे तिला माहीत आहे. न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस १९४८ पासून याच धर्तीवर चालतं; तिथे येणारा पेशंट नसतो, सभासद असतो, आणि स्वयंपाकापासून फोन घेण्यापर्यंत सगळं सभासद कर्मचाऱ्यांबरोबरीने करतात.

हे गटावर लिहिलं तेव्हा उत्तर आलं, ‘परदेशात बसून बोलणं सोपं आहे.’ हे वाक्य मी इतक्या विषयांवर ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात, कॅल्गरीत प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तिथे राहून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. त्यांनाही कुणीतरी हेच म्हटलं असेल. दूर राहणाऱ्याला बोलायचा हक्क नाही, असं तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणता, ज्या गटाचं निम्मं काम फोनवरच चालतं?

खेळ कसाही चालला तरी चालेल असं मी म्हणत नाही. काकू काही पथ्यं पाळतात, ती लिहून काढायला हवीत. नाव घेऊन कुणाला विचारायचं नाही, उत्तर न देणाऱ्याला ‘का हो, कुठे गायब’ म्हणायचं नाही. लग्न, नोकरी, मुलं यांवर प्रश्न नाही. तिथेच तर आमच्या मुलांचं सगळं अडलंय. टोमणे, उपरोध नको, कारण स्किझोफ्रेनियात तो ओळखणं अनेकांना अवघड जातं आणि साधी चेष्टा मनाला लागते. कुणी मॅनियात, म्हणजे बायपोलरमधल्या अतिउत्साहाच्या झटक्यात असेल, चाळीस मेसेज टाकत असेल, तर त्याच्या घरच्यांना वेगळा फोन करायचा, सगळ्यांसमोर त्याला आवरायचं नाही. आणि गटावर कुणी जीव नकोसा झाल्याचं लिहिलं की त्या क्षणी खेळ थांबवायचा, कुणीतरी त्याच्याशी बोलत राहायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर ठेवायचा. मागे अशीच एक अडीनडीची वेळ खरंच आली होती. कोलशेतच्या एका बाई महिनोन्‌महिने फक्त शुक्रवारी एखादा शब्द लिहायच्या. एका रात्री त्यांनी लिहिलं, ‘मुलगा घरातून निघून गेला, फोन इथेच आहे.’ तासाभरात गटातले तिघे ठाणे स्टेशनच्या फलाटांवर शोधत होते. त्यांना तो कळव्याच्या बाजूला सापडला. त्या बाईंना कुणी ओळखत नसतं तर? आणि ओळख झाली होती ती उपवनच्या कणसांवरच्या प्रश्नातून.

आता हेही लिहिते, कारण न लिहिणं खोटं ठरेल. गटावर कुणी विचारतं, रात्री कोण जागतं, ओपीडीत रांगेला कोण उभं राहतं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. आई जागते, आई उभी राहते. मी पैसे पाठवते आणि फोन करते. ठाणेकर म्हणून मला आता खात्रीने उत्तर देता येतं ते मिसळीच्या प्रश्नालाच. घोडबंदरला मेट्रोच्या खांबांपाशी कुठे वळायचं हेसुद्धा मला माहीत नाही, कोणी विचारलं तर मी गप्प बसते. शुक्रवारी ठाण्यात आठ वाजतात तेव्हा लीड्समध्ये उन्हाळ्यात साडेतीन असतात, हिवाळ्यात अडीच. त्या वेळी मीटिंग असली तर मी बाहेर येऊन उत्तर देते. तो एक तास मी, माझा भाऊ आणि आई एकाच ठिकाणी असतो. भावाशी फोनवर मला ‘जेवलास का’च्या पुढे जाता येत नाही. भेंड्यांमध्ये तो माझ्या ‘म’ला गाणं देतो. हा गट दोन झाला तर भाऊ गमतीच्या गटात राहील, आई गंभीर गटात जाईल, आणि मी दोन्हींकडे पाहुणी होईन. माझ्या रागात हीदेखील भीती आहे.

आई माझ्या बाजूची नाही, हे मला परवाच कळलं. ती म्हणाली, ‘ज्या शुक्रवारी तुझा भाऊ खवळलेला असतो त्या शुक्रवारी मी फोन पालथा ठेवते. मला तो टिंगटिंग आवाज सोसत नाही.’ मी काही बोलले नाही. तिला आणि त्या गृहस्थांना आठ ते नऊ आवाज बंद ठेवता आला पाहिजे, आणि गंभीर मेसेज खेळाखाली गाडला जाणार नाही अशी सोय झाली पाहिजे. गट एकच ठेवून खेळाला ठरलेली वेळ द्यावी, आणि त्या तासात कुणाचा अडीनडीचा मेसेज आलाच तर तो लगेच पिन करायला एक माणूस नेमावा. हे काम मी घेते. माझी ती दुपारची वेळ आहे, मी जागी असते.

बैठकीला मी नसणार. माझं म्हणणं वाचून दाखवा अशी विनंती मी काकूंना केली आहे, आणि त्यात पहिली मागणी ही आहे की मत आधी शुभार्थींचं घ्या, हात वर करून नको, चिठ्ठीवर, म्हणजे न बोलणाऱ्यालाही देता येईल. शुभंकरांनी त्यानंतर बोलावं. बहुसंख्य शुभार्थी वेगळा गट हवा म्हणाले तर मी तो मान्य करेन.