आत्या, ते पुतळे आपण नाही उभारले

चिलीहून येऊन आम्हाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच फॅमिली ग्रुपवर आत्याचा फॉरवर्ड आला. खाली तिची ओळ: "तुम्ही दोघं जाऊन आलात ना, खरं आहे ना गं हे?"

फॉरवर्डचं म्हणणं असं: पॅसिफिक महासागरातल्या चिलीच्या ईस्टर बेटावर नुसती दगडी डोकी आहेत. एवढे दगड हलवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. तिथली रोंगोरोंगो लिपी म्हणजे आपलीच सिंधू लिपी, म्हणजे पुतळे भारतीयांनी घडवले. आणि अडाणी बेटवासीयांनी सगळी झाडं तोडली, एकमेकांना खाल्लं आणि स्वतःचा वंश संपवला. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

तीन दिवस राहून कुणी तज्ज्ञ होत नाही, हे मान्य. पण काही गोष्टींना तज्ज्ञ लागतच नाही.

डोक्यांचं घ्या. फॉरवर्डला जोडलेला फोटो बेटावरच्या तोंगारिकी या जागेचा आहे, आणि त्यातल्या १५ही पुतळ्यांची धडं स्पष्ट दिसतात. पाठवणाऱ्याने स्वतःचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. मानेपर्यंत बुडालेले पुतळे आहेत ते रानो राराकूच्या उतारावर, आणि त्यांचीही धडं खाली मातीत शाबूत आहेत.

रानो राराकू म्हणजे पुतळ्यांची खाण. तिथे जवळपास ४०० पुतळे अजून पडून आहेत, काही तर कातळापासून सुटेच झालेले नाहीत. छिन्नीचे घाव दिसतात. परग्रहावरून आलेले लोक काम अर्धवट टाकून गेले म्हणायचं का? हलवण्याबद्दल बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की पुतळे चालत गेले. हंट आणि लिपो या संशोधकांनी ४.३५ टनांची प्रतिकृती करून १८ माणसांकरवी, नुसत्या दोरांनी, उभीच डुलवत चालवून दाखवली. लोखंडी कपाट आपण एकेका कोपऱ्यावर सरकवतो, तसंच. सगळे पुतळे असेच गेले का, यावर वाद आहे. माणसांनीच नेले, यावर नाही.

आता आपला अभिमान. हे खूळ १९३२चं. हेवेशी नावाच्या एका हंगेरियन गृहस्थाने दोन्हीकडची सारखी दिसणारी चिन्हं शेजारी शेजारी मांडली आणि तेव्हापासून ते फिरतंय. सिंधू लिपी इसवी सनापूर्वी १९००च्या सुमारास वापरातून गेली. या बेटावर माणूस पोचला इसवी सन १२००च्या आसपास. मधली ३,००० वर्षं चिन्हं कुठे मुक्कामाला होती? जैसलमेरपाशी पृथ्वीच्या गोळ्यात दाभण खुपसलं तर ते पलीकडे जवळपास याच बेटापाशी निघेल. याहून लांब जायला पृथ्वीवर जागा नाही. आणि दोन्ही लिप्या आज कुणालाच वाचता येत नाहीत.

मला खरा राग आला तो शेवटच्या मुद्द्याचा. मूळ लोकांपैकी कुणी उरलंय का, हा मूर्ख प्रश्न पहिल्याच दिवशी मीही आमच्या गाइडला विचारला होता. तिने स्टिअरिंगवरचा एक हात काढून छातीवर ठेवला. नवरा तेव्हापासून खिडकीबाहेर बघत बसला. बेटावर साडेसात हजारांच्या आसपास वस्ती आहे, त्यात रापानुई, म्हणजे इथले मूळ लोक, निम्म्याच्या जवळपास.

झाडं गेली, हे कबूल. ताडांचं रान होतं, ते जाळून-तोडून संपलं. उंदरांनी बिया खाल्ल्या, तेही एक कारण. पुढे पुतळेही पाडले गेले. पण झाडं गेल्यामुळे उपासमार होऊन लोकसंख्या कोसळली, ही गोष्ट २०२४मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने पार उलटवली. पॅरिसच्या संग्रहालयात ठेवलेल्या १५ पूर्वजांच्या अवशेषांतला डीएनए तपासला, तर सतराव्या शतकात तसल्या पडझडीची खूणच नाही. लोकसंख्या १८६०च्या दशकापर्यंत हळूहळू वाढतच होती.

मग १८६२मध्ये पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. सुमारे १,५०० माणसं उचलून नेली. जी थोडी परत आली, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर १११ माणसं उरली होती. रोंगोरोंगो वाचणारेही त्यातच गेले. १८८८मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतल्यावर ते मेंढ्यांच्या कंपनीला दिलं गेलं आणि १९६०च्या दशकापर्यंत बेटाचे मूळ मालक हांगा रोआ या एका गावात कोंडलेले. हे सगळं "एकमेकांना खाल्लं" या दोन शब्दांत गुंडाळायचं, वर अभिमान बाळगायचा!

आत्या, भारताचा संबंधच हवा असेल तर एक आहे. १९६४मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेने बेटावरची माती नेली. त्यातल्या जिवाणूपासून सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध वेगळं केलं. काम बंद पडलं तेव्हा सहगलांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपले. आज ते औषध किडनी बदललेल्यांना देतात. नाव रॅपामायसिन, बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून.

हे पाठव पुढे.