इंडियन मेस आहे का?

नीटचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये 'परदेशात एमबीबीएस'चे सेमिनार सुरू होतात. जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान. परवा मामेभावाला घेऊन अशाच एका सेमिनारला गेले होते. फी सांगून झाली, होस्टेलचे फोटो दाखवून झाले, आणि प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर पहिला हात वर गेला तो एका काकांचा. "इंडियन मेस आहे का?" एजंटने असा काही खुलून होकार दिला की निम्म्या हॉलचं ॲडमिशन तिथेच पक्कं झालं असावं. शिकवतं कोण, हॉस्पिटलमध्ये पेशंट किती, पोरांना पेशंटजवळ उभं राहू देतात का, हे कोणी विचारलंच नाही.

माझं मेडिकल जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीला झालं. बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा पास होऊन आता इकडेच इंटर्नशिप करतेय. त्यामुळे या मेसबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं समजते.

मेस वाईट असते असं माझं म्हणणं नाही. घर पहिल्यांदा सोडलेलं पोर, बाहेर बर्फ, त्यात ॲनाटॉमी. अशा वेळी गरम वरण-भात समोर आला की जीव थाऱ्यावर येतो. पहिले काही महिने जेवा तिथे. पण 'इंडियन' म्हणजे काय वाढतात ते तर बघा. राजमा, छोले, पनीर, सगळ्यावर तीच लाल ग्रेव्ही. अमळनेरच्या पोराला कळण्याची भाकरी तिथेही मिळत नाही, पातोडीचा रस्सा तर दूरच. म्हणजे सहा वर्षं परक्याचंच खायचं, फक्त ते जॉर्जियाचं नाही तर पंजाबचं. मग ज्या देशात राहताय तिथलं खायला काय हरकत आहे?

माझी सुटका बाजाराने केली. त्बिलिसीच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ देझेर्तीर बाजार आहे. 1920च्या सुमारास सैन्यातून पळालेले शिपाई तिथे आपली हत्यारं विकायचे, म्हणून हे नाव, असं सांगतात. आता तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, चीजचे गोळे आणि उघड्या पिशव्यांत मसाले असतात. एका पिशवीत पिवळीधमक पूड दिसली. हळद समजून बोटावर घेतली, तर झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या! आपण दसऱ्याला दाराला बांधतो, ते लोक भाजीत घालतात. शेजारी मेथीच्याच जातीचा एक मसाला, निळ्या फुलांच्या मेथीचा. वास घेतला आणि मी तिथेच थबकले. मसालेवाल्या बाईने मला चिमूटभर फुकट दिला आणि कुठली म्हणून विचारलं. अमळनेर सांगून काय उपयोग, इंडिया म्हटलं. तिने छातीवर हात ठेवून राज कपूरचं नाव घेतलं.

पुढे मी होस्टेल सोडून एका आजींच्या घरात खोली घेतली. सोव्हिएत काळातली जुनी इमारत, लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलायची नाही. सकाळी अंगणात "मात्सोनी, मात्सोनी" अशी आरोळी यायची. मात्सोनी म्हणजे तिथलं दही, आपल्यापेक्षा आंबट. पाव आणायला कोपऱ्यावर जायचं. तळघराच्या खिडकीतून पाव विकतात. आत जमिनीत खोल मातीची भट्टी. भट्टीवाला कमरेतून वाकून सगळं धड आत घालतो, लांबट पीठ भिंतीला थापतो आणि लालबुंद चेहरा करून वर येतो. हे बघायला मी उगाच रांगेत उभी राहायचे.

आजींकडे मी मचादी शिकले. मक्याचं पीठ, मीठ, पाणी, बाकी काही नाही. आपल्यासारखी परातीत थापायची नाही. गोळा तळहातातच लांबट करायचा, वरून बोटं दाबायची आणि बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून भाजायची. बोटांचे ठसे भाजल्यावरही दिसतात. त्यासोबत लोबिओ, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला घेवडा, भरपूर कोथिंबीर आणि कांदा घातलेला. मचादी त्यात कुस्करून खाताना पहिल्यांदा वाटलं की आता इथे राहता येईल. आई रोज फोन करायची, आपल्याकडचं घड्याळ दीड तास पुढे. "काय खादं व आज?" मी म्हणायचे भाकर आणि उसळ. ती निश्चिंत व्हायची आणि मी खोटंही बोललेलं नसायचं.

यूट्यूबवाले म्हणतात तसं अजिका, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, आपला ठेचा मात्र नाही हं. लसूण आहे, मिरची आहे, पण त्यात मसाले जास्त आणि झणका कमी. खान्देशी जिभेला ती पोरासोरांची चटणी. वांग्याचं मात्र मानलं पाहिजे. पातळ काप तळून त्यात अक्रोड-लसणाचं वाटण भरून गुंडाळतात, वर डाळिंबाचे दाणे. आपण जिथे शेंगदाण्याचा कूट टाकू तिथे ते अक्रोड टाकतात, तितक्याच सढळ हाताने. मी एकदा आजींना भरीत करून घातलं. गॅसवर भाजलेलं, काड्यांचा धूर नाही, त्यामुळे आसोदा-बामणोदच्या भरिताची सर येणार नव्हतीच. त्यांनी चव घेतली, मान डोलावली आणि मला न विचारता त्यात मूठभर अक्रोडाचा कूट टाकला. मी गप्प बसले. चांगलं लागलं, काय सांगू.

माळकरी घरातल्या आई-बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुठलाही एजंट सांगत नाही. जॉर्जियन लोक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यांचे उपास आपल्या एकादशांपेक्षा कडक. बुधवार-शुक्रवार, ईस्टरआधीचे सात आठवडे, ख्रिसमसआधीचे 40 दिवस (त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला). या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज सगळं बंद. हॉटेलात 'समार्खवो' म्हणा, उपासाचं ताट समोर येतं: लोबिओ, मशरूम, पालक-अक्रोडाचे गोळे, घेवडा भरलेली रोटी. काही उपासांना मासे चालतात, तेवढं विचारून घ्या. शाकाहारी पोरगं तिथे उपाशी राहत नाही. फक्त तोंड उघडून विचारावं लागतं.

आणि खरा फरक पडला तो वॉर्डात. शिकवणी इंग्रजीत असली तरी पेशंट जॉर्जियनच बोलतो. औषधं चालू असून बीपी खाली न येणारे एक आजोबा होते. आमच्या गटातली पोरं मोबाईलवर भाषांतर करत बसली. मी विचारलं, रोज जेवता काय? त्यांनी सांगितलं: सुलगुनी, जोंजोली, कोबीचं लोणचं. एक खारट चीज आणि दोन खारवलेल्या भाज्या, तेही तिन्ही त्रिकाळ. हे शब्द मला पुस्तकातून नाही, बाजारातून आलेले. मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून केस हिस्टरी माझ्याकडे यायला लागल्या.

आता इथल्या ओपीडीत तेच उलट्या बाजूने बघते. आजीबाई सांगतात, "मीठ तं मी घेतच नाही." माझ्यासोबतचा पुण्याचा इंटर्न तसंच लिहून मोकळा होतो. मी विचारते, बिबडे (आपले ज्वारीचे पापड)? उडदाचा पापड? शेवभाजी? तिन्हीला हो. पापडात पापडखार, शेवेत मीठ, आणि वरून लोणचं.

तर यंदा जाणाऱ्यांच्या आयांनो, काळा मसाला जरूर द्या, पण अर्धा किलो पुरे. पाच किलोची पिशवी दिली की पोर सहा महिने बाजाराची पायरी चढत नाही. बिबडे विमानात चुरा होतात, ते नकाच देऊ. आणि त्बिलिसीला कोणी चाललं असेल तर कमेंटमध्ये विचारा, इनबॉक्समध्ये नको, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल. मेथीचा तो मसाला कुठल्या गल्लीत मिळतो तेही सांगेन.