कळलं तर प्रश्न येतील

कोल्हापुरात गणितावर व्याख्यान द्यायला बोलावणं आलंय म्हणता? अभिनंदन. फक्त एक गैरसमज आधीच काढून टाका. तुमचं काम समजून घ्यायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. विभागाला मार्चअखेर एक राष्ट्रीय चर्चासत्र दाखवायचंय, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फायलीला जिओटॅग केलेला फोटो लागतो, आणि त्या फोटोत मधोमध उभं राहायला कुणीतरी बाहेरगावचं लागतं. तुम्ही बाहेरगावचे आहात. झाली पात्रता. (कुठला विभाग ते विचारू नका. तिथल्या मागच्या बाकावर बसून मी बरीच वर्षं फुकटचा चहा प्यालोय.)

चर्चासत्र ‘राष्ट्रीय’ कसं होतं हेही माहीत असू द्या. परराज्यातला एक वक्ता लागतो, आणि आपल्याला बेळगाव जवळ पडतं. एरवी बेळगाव आपलंच, त्यासाठी आम्ही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात. पण फ्लेक्स छापायचा दिवस आला की तेवढ्यापुरतं ते परराज्यात जातं. संध्याकाळी पाहुण्यांना गाडीत बसवून दिलं की पुन्हा आपलं.

वेळ अकराची दिली असेल तर पावणेबाराला तयार राहा. दीपप्रज्वलनाला पंखे बंद करतात, ते नंतर कुणी चालू करत नाही. मग फेटा. कोल्हापुरी फेटा डोक्यावर आला की माणूस आपोआप ताठ बसतो आणि मान खाली घालता येत नाही, म्हणजे स्वतःच्या टिपणांत बघायची सोयच उरत नाही. शाल, गुळाची ढेप आणि रोपटं मांडीवर घेऊन तुम्ही तुमचा परिचय ऐकायचा. सूत्रसंचालक तुमच्या पीएचडीच्या विषयाशी अडखळेल, मागं जाऊन पुन्हा सुरुवात करेल, पुन्हा तिथंच अडखळेल. त्याला हसू नका. सभागृह आणि तुम्ही एका पातळीवर असण्याचा तो दिवसातला एकमेव क्षण आहे.

आता शीर्षक. अँड्र्यू वाइल्स या ब्रिटिश गणितज्ञानं जून १९९३ मध्ये केंब्रिजला तीन व्याख्यानं दिली. शीर्षकात मॉड्युलर फॉर्म्स, एलिप्टिक कर्व्ह्ज आणि गाल्वा रिप्रेझेंटेशन्स, बस्स. फर्माचा ‘फ’सुद्धा नाही. आणि तिसऱ्या दिवशी शेवटी शेवटी फळ्यावर साडेतीनशे वर्षं अडून बसलेलं फर्माचं शेवटचं प्रमेय उतरलं. (पुढं सिद्धतेत भोक निघालं आणि ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, पण तो वेगळा विषय.) तुम्ही उलट करा. जे काय आहे ते शीर्षकातच येऊ द्या: ‘ऑन सम न्यू कॉमन फिक्स्ड पॉइंट थिअरम्स फॉर फोर वीकली कम्पॅटिबल मॅप्स इन अ जनरलाइज्ड मेट्रिक स्पेस’. मग व्याख्यानातून काही नाही निघालं तरी फसवलं असं कुणी म्हणणार नाही. यातला ‘सम’ नम्रतेसाठी आणि ‘न्यू’ खबरदारीसाठी. दोन्ही ठेवा.

स्थिर बिंदूंचं, म्हणजे शीर्षकातल्या फिक्स्ड पॉइंटचं, उदाहरण मी मुद्दाम घेतलं. स्टेफान बानाख या पोलिश गणितज्ञाचं मूळ प्रमेय १९२२ सालचं. अंतरं ठरावीक प्रमाणात आकसवणारं फलन एखाद्या पूर्ण (म्हणजे मधे भोकं नसलेल्या) अवकाशाला स्वतःच्याच आत नेत असेल, तर एक बिंदू जागचा हलत नाही, आणि असा बिंदू एकच असतो. दोन ओळींचं विधान, पानभर सिद्धता. त्यावर शंभर वर्षांत किती जणांच्या बढत्या झाल्या याची मोजदाद नाही. एक अट सैल करायची, एक आवळायची, उदाहरणाला शून्य ते एक हे अंतराल घ्यायचं, झाला पेपर. आमच्या गुऱ्हाळात एकदा पिळलेलं चिपाड वाळवून जळणाला घालतात. गणितात ते पुन्हा चरकात घालायची रीत आहे.

व्याख्यानात एक गोष्ट मात्र चुकूनही सांगू नका. कोल्हापूर शहराचा नकाशा घ्यायचा आणि बिंदू चौकात रस्त्यावर टाकायचा. वाकडा, तिरका, कसाही. नकाशावरचा एक बिंदू, तो ज्या जागेचा आहे, बरोबर त्याच जागेवर पडलेला असतो. आणि एकच. शोधायचा कसा? रस्त्यावर पडलेल्या नकाशाची जागा त्या नकाशातच कुठं येते ते बघा. त्या इवल्या तुकड्यात पुन्हा त्याची जागा बघा, त्यात पुन्हा. आत आत आकसत जिथं पोचाल तो स्थिर बिंदू. नकाशा चुरगाळून टाकलात तरी तो सुटत नाही, कारण चुरगाळल्यानं अंतरं कमी होतील, वाढणार नाहीत. चौकाचं नाव बिंदू चौक आहे यात बानाखचा काही हात नाही, पण सांगायला बरं वाटतं.

पाहिलंत? कळलं तुम्हाला. डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं असेल, आता तुम्ही प्रश्न विचाराल. नेमका हाच धोका.

म्हणून श्रोत्यांकडं पाठ करा आणि ‘लेट एक्स कॉमा डी बी अ कम्प्लीट मेट्रिक स्पेस’ इथून सुरू करा. पन्नास मिनिटांना चौऱ्याऐंशी स्लाइड पुरतात. पहिल्या तीसांत व्याख्या, पुढच्या तीसांत तुमच्या आधी कुणी कुठली अट सैल केली त्याचा इतिहास. उरलेल्या चोवीसांवर याल तेव्हा आयोजक चिठ्ठी पाठवतील, मग ‘आय विल स्किप द डिटेल्स’ म्हणत बटण दाबत सुटायचं. आपल्यालाच नीट पटलेलं नाही अशी पायरी आली की ‘क्लिअरली’ म्हणावं. मी एका व्याख्यानात एकोणीस ‘क्लिअरली’ मोजलेत. एकविसाव्या मिनिटाला झोप लागली, पुढचे सुटले.

संध्याकाळी वेळ मिळाला तर खासबाग मैदान बघून या. शाहू महाराजांनी ते १९१२ साली उभं केलं. वाडग्यासारखं उतरत जातं आणि तळाशी आखाडा. कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. पैलवानानं पट काढला की पार वरच्या ओळीतला म्हातारा अंगावरची घोंगडी टाकून उभा राहतो. आणि कुस्ती नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, असली तर पब्लिक दोन मिनिटांत ओळखतं, मग पैलवानांची काही खैर नाही. चर्चासत्राच्या सभागृहात नुरा कुस्ती पन्नास मिनिटं चालते आणि शेवटी टाळ्या पडतात. समोर बसतात त्यांनाही पुढच्या महिन्यात आपली नुरा खेळायची असते.

जुन्या लोकांचे आदर्श ठेवू नका, ती माणसं घातकी होती. फ्रँक नेल्सन कोल नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक १९०३ साली न्यूयॉर्कच्या गणित सभेत उभा राहिला. दोनचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हातानं मांडला. उत्तरं जुळली: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवून जागेवर जाऊन बसला, तोंडातून शब्द नाही, अशी गोष्ट सांगतात. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये मूळ (न फुटणारी, प्राइम) म्हणून सांगितलेली संख्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फुटली. असं केलंत तर आभारप्रदर्शन करणाऱ्यानं बोलायचं काय?

आपले देवळालीचे कापरेकर मास्तर तर त्याहून वाईट. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. चढत्या आणि उतरत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि तिथून हलत नाही. (स्थिर बिंदूच तो, फक्त शाळेच्या गणवेशातला.) हे सांगितलं की लोक वह्या काढून करून बघायला लागतात. वह्या काढलेले श्रोते आवरत नाहीत.

सुदैवानं तुमचे श्रोते तसे नसतील. पहिल्या रांगेत मान्यवर, डोळे मिटून चिंतनात. मधल्या रांगांत जवळच्या कॉलेजांतून हजेरीसाठी आणलेली मुलं. त्यांनी फीडबॅकचा गुगल फॉर्म तुम्ही बोलायच्या आधीच ‘एक्सलंट’ भरून पाठवलेला असतो. प्रश्नोत्तरात कुणीच उठलं नाही तर विभागप्रमुख स्वतः विचारतात, ‘हे हायर डायमेन्शनमध्ये चालेल का?’ विषय काहीही असला तरी प्रश्न हाच. उत्तरही ठरलेलं: ‘वर्क इन प्रोग्रेस, सर.’

एवढी काळजी घेऊनही बोलता बोलता नकाशा तोंडातून निसटलाच, तर मागच्या बाकावरून एमएस्सीची एक मुलगी उभी राहील. ‘सर, मी एक विचारतो,’ म्हणेल. पुण्याकडचे असाल तर ‘विचारतो’ ऐकून गोंधळू नका, आमच्याकडं मुली असंच बोलतात. ‘चुरगाळलेलं कळलं. पण नकाशा फाटला तर वो?’

‘व्हेरी गुड क्वेश्चन’ म्हणा. ‘चहाला बोलू’ म्हणा. चहाला विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बसा, मानधनाच्या व्हाउचरवर सही करा, प्रमाणपत्राचा फोटो काढून घ्या, आणि मागच्या जिन्यानं सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडला, जाणारी रिक्षा गाठा. पुढच्या व्हरांड्यातून जाऊ नका. तिथं ती फरशीवर बसलेली असेल. निमंत्रणपत्रिकेच्या मागं छापलेला शहराचा नकाशा तिनं बरोबर त्या बिंदूतून उभा फाडलेला असेल. दोन तुकडे एकमेकांपासून जरा लांब सरकवायचे, मग एकमेकांवर चढवायचे, असं तिचं चाललेलं असेल.

‘लांब नेले की दोन निघतात गं,’ ती मैत्रिणीला सांगत असेल. ‘अन् चढवले की एकपण नाही.’

तुमची गाडी साडेपाचला आहे.