अँटेना किती पाहिजेत?

घर तीन मजली. तळमजल्यावर बायकोचा दातांचा दवाखाना, मध्ये आम्ही आणि आई-बाबा, वर इंजिनिअरिंगची पोरं भाड्याने. इंटरनेटची लाइन मात्र एकच. एक दिवस रूट कॅनाल चालू असताना दवाखान्यातल्या प्रिंटरने आपणहून खरखर सुरू केली आणि थर्मोडायनॅमिक्सची असाइनमेंट ओकली. मुखपृष्ठासकट. "ह्या पोरांना वेगळं काढ," असं बायकोने मास्कमधूनच सांगितलं.

वेगळं काढायचं म्हणजे व्हीलॅन, एकाच नेटवर्कमध्ये पाडलेली आभासी वेगळी नेटवर्कं. वाड्यात नळ एकच, बिऱ्हाडं वेगळी, तसं. वायर एकच असते, पण तिच्यातून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटाला चार बाइटची चिठ्ठी लागते आणि तिच्यावर बिऱ्हाडाचा नंबर. हे नंबर १ ते ४०९४ पर्यंत देता येतात. मला तीन बस होते. फक्त तिघांना इंटरनेट वाटणारा राउटर पाच-सहा हजारांत हवा होता.

पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानदाराने विचारलं, "अँटेना किती पाहिजेत?"

"व्हीलॅन पाहिजे."

"मग सहावाला घ्या, त्यात सगळं येतं."

खोक्यावर व्हीलॅन लिहिलेलं होतंही. पण घरगुती राउटरांत ते बहुतेक वेळा टीव्हीची चॅनेलं वेगळ्या पोर्टवर काढण्यापुरतंच असतं. "गेस्ट नेटवर्क आहे की!" हे त्याचं दुसरं अस्त्र. ते वाय-फायवरच्या पाहुण्यांपुरतं. आम्हाला वायरवरही तीन बिऱ्हाडं वेगळी हवी होती.

खरी लढत टीपी-लिंकचा ईआर६०५ आणि लॅटव्हियाच्या मिक्रोटिकचा हेक्स यांच्यात होती. दोघांना पाच-पाच पोर्ट, आणि अँटेना एकही नाही, कारण वाय-फायच नाही. म्हणजे वाय-फाय देणारा, व्हीलॅन कळणारा ॲक्सेस पॉइंट वेगळा आणि वायरींना व्हीलॅनप्रमाणे वाटणारा मॅनेज्ड स्विच वेगळा. स्वस्त राउटर महाग पडतो तो इथे. मी हेक्स घेतला. दुकानदाराने ती डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि "परत घेणार नाही हं" एवढंच म्हणाला.

विनबॉक्स, म्हणजे हेक्सची मांडणी करायचं सॉफ्टवेअर, उघडलं की डावीकडे मेनूंची अशी रांग लागते, की राउटर घेतलाय की महापालिका, कळत नाही. ब्रिज, टॅग्ड, अनटॅग्ड, पीव्हीआयडी. चिठ्ठ्या तपासणारं व्हीलॅन फिल्टरिंग सगळ्यात शेवटी चालू करायचं, नाहीतर राउटर मालकालाच ओळख दाखवत नाही. तिन्ही बिऱ्हाडं थाटली, प्रत्येकाला पत्ते वाटणारा वेगळा डीएचसीपी दिला, आणि तरीही वरचा लॅपटॉप खालच्या प्रिंटरला खुशाल पिंग करून, म्हणजे हाक मारून, उत्तर मिळवत होता. राउटर मुळात मनमिळाऊ प्राणी. वेगळे काढलेल्यांची गाठ घालून देणं हेच त्याचं काम, ते थांबवायला फायरवॉलमध्ये, म्हणजे राउटरच्या पहारेकऱ्याकडे, नियम लिहावे लागतात.

लिहिले. पोरं गप्प झाली, बाबा पेटले. त्यांच्या मोबाइलला दवाखान्याचा प्रिंटर दिसेना आणि विजेचं बिल कागदावर आल्याशिवाय ते भरत नाहीत. आमच्या मजल्यावरून प्रिंटरपर्यंत एक वाट नियमाने उघडली. पण प्रिंटर शोधणारी मोबाइलची हाक व्हीलॅनच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही, म्हणून प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मोबाइलमध्ये हाताने घातला. "आधी बरं चाललं होतं," बाबा म्हणाले.

आईने एवढ्या दिवसांत त्या डबीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. परवा हात पुसत आली.

"काय रे, भाडं थकलं तर वरच्यांचं तेवढंच बंद करता येतं का?"

"येतं."

"कुठून ते दाखव."