धरणाच्या पायथ्याशी झरा? अहो, ती गळती आहे!

आमच्या आत्याने पावसाळी सहलीसाठी नातवंडांसकट सगळ्यांचं कॉटेज बुक केलं आणि पुरावा म्हणून एक मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. ‘खासगी तलाव, छोटं धरण, शून्य धोका’. हाच मेसेज गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर होता, त्याआधी शाळेच्या. आता घरातली पोरंच तिकडे निघाली म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात: सरकारी धरणं फुटतात, खासगी फुटत नाहीत, कारण मालकाचा पैसा अडकलेला असतो. धरण छोटं, त्यामुळे फुटलंच तरी गुडघाभर पाणी. बांधावर झाडं लावून माती घट्ट केलेली आहे. सांडव्याला (म्हणजे तलाव भरला की जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला) जाळी आहे, मासे तलावातच राहतात, खुशाल गळ टाका. मुलांना सांडव्यावर मनसोक्त भिजू द्या. पोहता येत असेल तर लाइफ जॅकेटची कटकट नाही. आणि बांधाच्या पायथ्याशी ‘बारमाही नैसर्गिक झरा’ आहे, त्यात पाय सोडून बसा. शेवटी हात जोडलेले इमोजी.

झऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण हे वाचून मला घामच फुटला.

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात गैर काही नाही. नीट बांधलेल्या भरावात आत वाळू-खडीचा गाळणथर असतो. पाझरलेलं पाणी त्यातून गाळून, माती मागेच ठेवून, पायथ्याच्या गटारात येतं. तिथे ते मोजायचं असतं: किती येतंय, वाढतंय का, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ आहे की गढूळ. गढूळ पाणी आलं की समजायचं, भरावातली माती वाहून जायला लागली. इंजिनिअर लोक याला पायपिंग म्हणतात. पाण्याच्या वाटेतला एकेक कण सुटत जातो, पोकळी बाहेरून आत तलावाच्या दिशेने वाढत जाते, आणि वरून बांध अगदी ठणठणीत दिसत असतो. मेसेजसोबतचा फोटो मोठा करून बघा. आजूबाजूचं गवत वाळून पिवळं, आणि बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी तेवढाच हिरवागार पट्टा, त्यात पाणकणीस माजलेलं. पाणी निघतंय तिथे बारीक गाळाची छोटी ढिगोळी. पाटबंधारे खात्यातला जुना कारकूनसुद्धा हे बघून साहेबाला फोन लावेल. इथे मात्र तिथे बाकडं टाकलंय!

पायथ्याशी मूळचा झरा असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण तो झरा आहे हे ठरवायला कोणीतरी पाणी मोजलेलं असावं लागतं, तलाव भरल्यावर त्याची धार वाढते का हे बघितलेलं असावं लागतं. जाहिरात लिहिणाऱ्याने ते केलंय, असं मानायला मी तयार नाही.

आता ‘छोटं धरण, गुडघाभर पाणी’. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचं गाव आहे. तिथे एका बायबल कॉलेजच्या मालकीचं केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. उंची सुमारे ३८ फूट, लांबी ४०० फुटांच्या आसपास, तलाव साधारण ४० एकरांचा. पूर्वी त्यावर वीज होत असे, १९५७ मध्ये ती बंद झाली आणि तलाव उरला तो फक्त मौजेपुरता. म्हणजे आत्याने बुक केलंय तसंच प्रकरण. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, दीडच्या सुमारास, पावसाने भरलेलं ते धरण फुटलं. पाणी धबधब्यावरून खाली कॉलेजच्या आवारात शिरलं. ३९ माणसं गेली. झोपेत होती बहुतेक.

तेव्हा त्या तलावात पाणी होतं सुमारे ६३० एकर-फूट. पुणेकरांच्या हिशेबात सांगायचं तर खडकवासल्याच्या १.९७ टीएमसीचा जेमतेम सत्तरावा हिस्सा. तेवढ्याने ३९ जीव घेतले. चौकशी मंडळाला एकच एक कारण सांगता आलं नाही. पण त्यांनी जो संभाव्य क्रम मांडला तो वाचण्यासारखा आहे: कोरड्या बाजूचा उतार फार उभा, तिथे माती घसरली, त्यामागे बहुधा पायपिंग, मग माथ्याला खिंडार, आणि शेवटी सगळा भराव गेला. पायपिंग. झरा! या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातल्या धोकादायक जागी असलेल्या, केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या धरणांची तपासणी लावली. धरण किती मोठं याला फारसा अर्थ नसतो. त्याच्या खाली कोण झोपलंय हे बघायचं असतं. या रिसॉर्टच्या नकाशात कॉटेजेस कुठे आहेत ते पाहिलं. बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. ‘रिव्हर-टच’ म्हणून जादा भाडं लावून.

‘खासगी धरण फुटत नाही’ याचंही उत्तर यातच आलं. तरी एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. सरकारी धरणांची लाज वाटावी अशी उदाहरणं आपल्याकडे आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, आणि मंत्रिमहोदयांनी खापर खेकड्यांवर फोडलं. (खेकडे, घुशी भराव पोखरतात हे खरंच आहे. म्हणून तर बांधावरून चालत जाऊन बिळं शोधायची आणि बुजवायची असतात.) पण सरकारी धरण वाईट निघालं म्हणून खासगी चांगलं कसं ठरतं? तिवऱ्याच्या वेळी निदान तक्रार करायला एक खातं तरी होतं.

कायद्याचं म्हणाल, तर धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे आणि त्यातून कंपन्या सुटलेल्या नाहीत, मालकाच्या व्याख्येत त्या आहेत. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधलं असेल तर आणखी एखादी अट बसावी लागते: लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पूर-विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पाया फार अवघड, नाहीतर रचना जगावेगळी. आता केली बार्न्स या चाळणीत घालून बघा. उंची साडेअकरा मीटर, लांबी सव्वाशेच्या आत, त्या रात्रीचा साठा पावणेआठ लाख घनमीटर. लांबी आणि साठ्याच्या अटींवर ते आपल्या कायद्यातून अलगद निसटलं असतं. म्हणजे ‘छोटं’ याचा व्यवहारातला अर्थ बऱ्याचदा एवढाच, की त्याकडे बघायला कोणी येत नाही.

सांडव्याची जाळी. हा शोध नवीन नाही. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क धरणावर श्रीमंतांचा फिशिंग क्लब होता, कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखे बडे उद्योगपती त्याचे सभासद. महागाचे मासे पळू नयेत म्हणून त्यांनी सांडव्याला जाळ्या ठोकल्या. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा उतरवून रुंद केला. तळातले पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते परत बसवले नाहीत. ३१ मे १८८९ च्या पावसात ओंडके आणि पालापाचोळा जाळीत अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, आणि खाली जॉन्सटाउनमध्ये २,२०९ लोक मेले. ते धरण ७२ फुटी होतं, मोठं होतं, मान्य. पण तुंबलेल्या सांडव्याचा नियम उंची विचारून लागू होत नाही. मातीच्या बांधाला माथ्यावरून गेलेलं पाणी सोसत नाही, सांडवा असतो तो त्यासाठीच.

झाडांचं एका ओळीत: बांधावर गवत हवं, झाड नको. मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते, आणि वादळात झाड उन्मळलं की भरावाचा लचका घेऊन जातं.

भिजण्याचं काय सांगायचं. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, पुढेही पाठवला. शेवाळलेल्या दगडावर घोट्याच्या वर वेगाचं पाणी आलं की मोठा माणूससुद्धा उभा राहत नाही, आणि वर डोंगरात पडलेला पाऊस खाली बसलेल्याला दिसत नाही. सांडव्याच्या खाली पाणी जिथे आपटून उलटं फिरतं, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

लाइफ जॅकेटची कटकट वाटत असेल तर वडोदऱ्याचा हरणी तलाव आठवा. १८ जानेवारी २०२४, शाळेची सहल, क्षमतेबाहेर भरलेली बोट, सगळ्यांना जॅकेटं नाहीत. १२ मुलं आणि २ शिक्षिका. शहरातला छोटासा तलाव होता तो.

खासगी ठिकाणी गर्दी कमी, दारूबाज टोळकी कमी, फाटकावर माणूस असतो. एवढं मेसेजमधलं खरं. तो फाटकावरचा माणूस बुडणाऱ्याकडे दोरी फेकू शकतो का, हे कोणी विचारलंय?

मी विचारलं. बुकिंगच्या नंबरवर आत्यालाच स्पीकरवर फोन लावायला सांगितला. बांध शेवटचा कोणी तपासला, तलाव रिकामा करायची झडप चालू आहे का, आणि पाऊस वाढला तर रात्री कॉटेजवाल्यांना उठवायला कोण येतं, एवढंच. पलीकडचा मुलगा नम्र होता. थोडं थांबून म्हणाला, ‘‘मॅडम, झडपेचं माहीत नाही, पण आपल्याकडे रेन डान्स पण आहे.’’